त्या रबरी राक्षसात बघण्यासारखं काय आहे?

"इतके थोर जपानी सिनेमे पडलेत, आणि तू हे राक्षस, गुंड नि भुतं काय बघत बसतेस?"

असं विचारणारे बहुतेक जण फिल्म सोसायटीत वाढलेले असतात. कुरोसावा आणि ओझू या थोर जपानी दिग्दर्शकांवर त्यांचं माझ्याइतकंच प्रेम आहे. परवा एका मैत्रिणीनं पुन्हा विचारलं. "मजा येते गं," एवढंच मी बोलले आणि रात्रभर ते उत्तर मला टोचत राहिलं. मजा येते हे खरंच आहे, पण मी त्या सिनेमांकडे परत परत जाते त्याचं कारण वेगळं आहे.

'गोजिरा', म्हणजे जगाला गॉडझिला म्हणून ठाऊक असलेला राक्षसपट, मी आधी पाहिला तो त्याची १९५६ ची अमेरिकी आवृत्ती. तिच्यात एक अमेरिकी वार्ताहर सगळी हकिकत सांगतो. मूळ सिनेमात हा माणूसच नाही, त्याचे प्रसंग मागाहून चित्रित करून मध्ये जोडलेले आहेत. पाहिला आणि विसरले. काही वर्षांनी दिग्दर्शक इशिरो होंडांचा मूळ जपानी सिनेमा हाती लागला, १९५४ चा. त्यात आगगाडीच्या डब्यात तिघं जण बोलत असतात. एक बाई वैतागून म्हणते, आधी ते किरणोत्सर्गी मासे, मग तो पाऊस, आणि आता हा गोजिरा! नागासाकीतून कसाबसा जीव वाचवून आलेय मी. शेजारचा म्हणतो, आता कुठं आसरा शोधायला हवा. आणि तिसरा म्हणतो, म्हणजे परत घरदार सोडून पळायचं? संपलं संभाषण. महागाईबद्दल बोलावं तशा आवाजात ही माणसं बोलतात. अमेरिकी आवृत्तीत हा प्रसंग नव्हता. मी सिनेमा थांबवला आणि तेवढाच तुकडा पुन्हा पाहिला.

ते मासे लेखकाच्या कल्पनेतले नव्हते. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेनं प्रशांत महासागरातल्या बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. तिची राख एका जपानी मासेमारी नौकेवरच्या २३ जणांवर पडली. नौका याइझू बंदराला लागली, तिच्यातल्या ट्यूना माशांत किरणोत्सर्ग सापडला आणि देशभर लोक मासळीला भिऊ लागले. नौकेवरचा रेडिओ सांभाळणारे आइकिची कुबोयामा २३ सप्टेंबरला वारले. 'गोजिरा' पडद्यावर आला ३ नोव्हेंबरला, सहा आठवड्यांच्या आत. सिनेमाची सुरुवातच एका नौकेवर होते. खलाशी डेकवर बसलेत, कुणी गिटार वाजवतंय, आणि समुद्र एकदम पांढरा लखलखतो. थिएटरात बसलेल्या प्रत्येकाला ती नौका ठाऊक होती.

होंडा सैनिक म्हणून चीनमध्ये होते. १९४६ साली परतताना त्यांनी हिरोशिमा पाहिलं. राक्षस आणि त्याच्या पायाखालचं टोकियो ज्यांनी उभं केलं त्या एइजी त्सुबुरायांनी १९४२ साली युद्धप्रचाराच्या सिनेमासाठी पर्ल हार्बरवरचा हल्ला छोट्या प्रतिकृतींतून साकारला होता. बारा वर्षांनी त्याच हातांनी आपलं स्वतःचं शहर इंचाइंचानं बांधलं आणि जाळलं. राक्षसाच्या रबरी पोशाखाच्या आत हारुओ नाकाजिमा हे नट होते. अंगावर १०० किलोंच्या घरातलं ओझं, वर दिव्यांची धग. जड प्राणी पाऊल कसं टाकतात हे कळावं म्हणून ते उएनोच्या प्राणिसंग्रहालयात जाऊन हत्ती-अस्वलं बघत बसायचे. रबर दिसतं, मान्य आहे. पण खाली रस्त्यावर एक आई लेकरांना कवटाळून सांगत असते, आता लवकरच आपण बाबांकडे जाऊ. तिथं मला रबर दिसत नाही.

तर माझं उत्तर हे आहे. युद्धातून जगून वाचलेल्या माणसांनी प्रतिष्ठित सिनेमातही युद्ध मांडलं, पण तिथं ते विचार करून, तोलून आलं. स्वस्तातल्या, घाईच्या, आठवड्याला बदलणाऱ्या सिनेमात ते न तोलता आलं. १९५८ साली जपानमध्ये ११२ कोटींवर तिकिटं खपली, आणि देशाची लोकसंख्या होती ९ कोटींच्या आसपास. एवढ्या भुकेला सिनेमे पुरवायचे तर प्रत्येक चौकट तपासायला वेळ कुणाला होता?

सगळ्याचं मूळ युद्धात शोधणंही बरं नव्हे. सेइजुन सुझुकी निक्कात्सु कंपनीसाठी ठरलेल्या साच्यातले गुंडपट करायचे. १९६७ साली त्यांनी एक भाडोत्री मारेकरी रंगवला, ज्याला शिजत्या भाताच्या वासाचं वेड असतं. कुकरचं झाकण उघडून तो वाफ हुंगत राहतो. का, ते सिनेमा सांगत नाही. पुढच्या वर्षी, तुमचे सिनेमे कुणाला कळत नाहीत म्हणून कंपनीनं त्यांना काढलं. विद्यार्थी त्यांच्यासाठी रस्त्यावर उतरले, ते स्वतः कोर्टात गेले, आणि जवळजवळ दहा वर्षं त्यांना एकही सिनेमा मिळाला नाही. त्या भाताच्या वाफेसाठी मी तो सिनेमा कितीही वेळा बघेन.

पण दिग्दर्शक किंजी फुकासाकूंकडे आलं की परत युद्धापाशीच पोचतो. १९४५ च्या उन्हाळ्यात ते १५ वर्षांचे होते, शाळेतून दारूगोळ्याच्या कारखान्यात कामाला लावलेले. मारा सुरू झाला की मुलं एकमेकांच्या अंगाखाली लपायची, आणि नंतर मित्रांची प्रेतं वाचलेल्यांनाच उचलावी लागली. मोठ्यांनी सांगितलेलं काहीच खरं नव्हतं, ही गोष्ट त्यांच्या मनातून कधी गेली नाही. १९७३ साली तोएई कंपनीसाठी केलेल्या गुंडपटाची सुरुवात त्यांनी अणुबॉम्बच्या ढगानं केली आणि पुढं हिरोशिमाजवळच्या कुरे शहरातला काळाबाजार दाखवला. कॅमेरा हातात, सतत हलणारा, जणू चित्रण करणारासुद्धा जीव मुठीत धरून धावतोय. आणि सत्तरीला टेकल्यावर, २००० साली, त्यांनी 'बॅटल रोयाल' केला. सरकार शाळेतल्या एका वर्गाला बेटावर सोडतं, एकमेकांना मारा म्हणतं. मुलं १५ वर्षांची. तेव्हा जपानच्या संसदेतही त्याच्या हिंसेवर टीका झाली. मला त्यात ५५ वर्षं सांभाळून ठेवलेला एका पोराचा राग दिसतो.

मैत्रिणीला मी आता 'हाउस' दाखवणार आहे, १९७७ चा. दिग्दर्शक नोबुहिको ओबायाशी हिरोशिमा प्रांतातल्या ओनोमिचीचे. सात शाळकरी मुली सुटीत एकीच्या मावशीकडे जातात आणि ते घर त्यांना एकेक करून खातं. मावशीचा वाग्दत्त वर युद्धावरून परतलाच नाही, ती अजून त्याची वाट बघतेय. तिची कहाणी जुन्या मूकपटासारखी समोर येत असते, मुली मध्ये मध्ये चिवचिवत असतात. एवढ्यात पडद्यावर अणुबॉम्बचा ढग उठतो, आणि एक मुलगी खुशीत म्हणते, अय्या, म्हातारीच्या केसांसारखं दिसतंय!