सुर्लातला धूर

गोव्यात गॅसचे काम करणाऱ्या माणसाला कोणी फायरप्लेस बसवायला बोलावले, तर तो आधी पत्ता विचारतो. पणजी-म्हापशाकडे जानेवारीतही एक चादर पुरते. तेथे दिवाणखान्यात आग पेटवण्याची हौस म्हणजे निव्वळ दिखावा. माझे रोजचे काम साखळी-डिचोलीच्या टापूत, हॉटेलांच्या सिलिंडरांच्या जोडण्या, तांब्याच्या पाइपलाइनी आणि न्हाणीघरांतले गॅस गीझर यांचे. परंतु सत्तरी तालुक्यातले सुर्ल हे गाव चोर्ला घाटात, सुमारे ८०० मीटर उंचीच्या पट्ट्यात वसलेले आहे. केरी आणि अंजुण्याचे धरण मागे टाकून घाट चढू लागले की हवा बदलते, आणि जुलै महिन्यात तेथे ढग घरात शिरतात ही अतिशयोक्ती नसते. त्यामुळे तिथल्या एका निवृत्त हेडमास्तरांचा फोन आला, तेव्हा मला नवल वाटले नाही.

घर चिऱ्यांचे, मंगळुरी कौलांचे आणि दोन मजली होते. बांधतानाच दिवाणखान्यात लाकडे जाळण्यासाठी फायरप्लेस ठेवलेली होती आणि तिचे धुराडे वरच्या मजल्यावरच्या खोलीच्या भिंतीला लागून छपरापर्यंत गेले होते. पावसाळ्यात लाकडे ओली राहतात, धूर होतो, राख काढायला माणूस मिळत नाही, म्हणून सरांच्या इंग्लंडमधल्या मुलाने तिकडून एक गॅसची फायरप्लेस पाठवली होती. लोखंडी ताटलीवर सिरॅमिकचे खोटे कोळसे, खाली बर्नर, आणि पेटवल्यावर हुबेहूब निखाऱ्यांसारखी दिसणारी ज्योत, असा तो प्रकार. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, सगळे घरी येणार होते आणि त्याआधी ती पेटलेली हवी होती. सरांनी जिन्याखाली सिलिंडरची जागाही मोकळी करून ठेवली होती.

मी प्रथम उपकरण उलटे करून त्याची पाटी वाचली. ते नैसर्गिक वायूसाठी, २० मिलिबार दाबासाठी बनवलेले होते. आपल्या घरगुती सिलिंडरमध्ये असतो तो एलपीजी, म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण, आणि आपला रेग्युलेटर तो सुमारे ३० मिलिबार दाबाने सोडतो. एलपीजीच्या एका घनमीटरात नैसर्गिक वायूच्या अडीच ते तीनपट उष्णता असते. हा वायू जड असल्यामुळे जेटमधून, म्हणजे बर्नरला गॅस सोडणाऱ्या बारीक छिद्रातून, तुलनेने सावकाश जातो हे खरे. तो हिशेब धरूनही त्याच जेटमधून जवळजवळ दुप्पट उष्णता बाहेर पडली असती. तेवढ्या वायूला लागणारी हवा बर्नरला मिळाली नसती, ज्योत पिवळी पडून काजळी धरली असती आणि अर्धवट ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड तयार झाला असता.

“जेट बदलून भागणार नाही का? शेगडीचा तर कोणीही बदलतो,” सरांनी विचारले. शेगडीबाबत ते म्हणणे एक वेळ चालेल. या उपकरणाच्या पायलटमध्ये, म्हणजे मुख्य बर्नर पेटवणाऱ्या छोट्या ज्योतीच्या भागात, मात्र ऑक्सिजन कमी झाल्याचे ओळखणारी रचना असते. पायलटची ज्योत थर्मोकपलला, म्हणजे तापले असेपर्यंतच गॅसची झडप उघडी ठेवणाऱ्या धातूच्या टोकाला, तापवत राहते. खोलीतला ऑक्सिजन उतरू लागला की ज्योत आपल्या जागेवरून उचलली जाते, थर्मोकपल थंड पडते आणि झडप गॅस बंद करते. ही सगळी मापे ठरावीक वायूसाठीच जुळवलेली असतात. मुख्य जेट बदलून पायलट तसाच ठेवला, तर माणूस ज्याच्या भरवशावर निर्धास्त झोपतो तेच साधन निकामी झालेले असते.

उपकरणाचा प्रश्न त्यामुळे तेथेच निकालात निघाला होता आणि मला परतता आले असते. पण घाट चढून आलोच होतो, आणि धुराडे पाहिल्याशिवाय कोणते उपकरण मागवावे हे सांगणे मला पटत नाही. लोक वस्तू निवडतात आणि मग ती बसवायला माणूस शोधतात. या कामात क्रम उलटा असायला हवा.

फायरप्लेसमध्ये आरसा धरून वर पाहिले तर उजेडाचा ठिपकाही दिसेना. गड्याला छपरावर पाठवले. पावसाळ्यापूर्वीच्या शाकारणीत त्यानेच धुराड्याच्या तोंडावर पत्रा ठेवून तारेने आवळला होता. पाऊस आत येऊ नये म्हणून केलेले ते काम त्याच्या दृष्टीने अगदी योग्य होते. फक्त लाकडे पेटवायच्या आधी पत्रा काढायचा, एवढे दर वर्षी कोणाच्या तरी लक्षात राहावे लागत असे. पत्रा निघाला, वरून थोडी माती आणि वाळकी पाने पडली आणि आरशात पांढरे आकाश दिसले.

पावसाळ्यातले धुराडे थंड आणि ओले असते. त्यात साठलेली थंड हवा खाली दबून बसते आणि धुराला वर चढू देत नाही, म्हणून तपासणीपूर्वी मी ब्लो-लॅम्पने ते काही मिनिटे तापवले. मग धुराची गोळी पेटवून आत ठेवली आणि फायरप्लेसच्या तोंडावर पत्रा लावून मध्ये फक्त एक फट ठेवली. पांढरा दाट धूर सरळ वर गेला, दिवाणखान्यात एक वळसाही आला नाही. सरांचा चेहरा खुलला. अंगणात उभा असलेला गडी मात्र म्हणाला की वरून धूर येतो आहे, पण पातळ येतो आहे. गोळी जेवढा धूर सोडते तेवढा तोंडातून बाहेर दिसायला हवा. तो कमी असेल तर उरलेला कोठे तरी जातो आहे.

तेवढ्यात वरून सरांच्या आईंनी हाक मारली.

त्यांची खोली फायरप्लेसच्या बरोबर वर होती. धुराड्याच्या भिंतीला लागून लाकडी कपाट होते आणि त्यात घड्या केलेल्या गोधड्या होत्या. कपाटाचे दार उघडले तेव्हा गोधड्यांच्या घड्यांवर धूर साईसारखा पसरलेला होता आणि दार उघडताच तो कडेवरून खाली सांडू लागला. गोधड्या बाहेर काढल्या, मागची फळी सोडवली आणि टॉर्च मारला. दोन चिऱ्यांमधल्या सांध्यातला चुना सुमारे वीतभर लांबीत झडून गेलेला होता आणि त्या भेगेतून धुराची सरळ पट्टी बाहेर येत होती. चिरा मुळातच सच्छिद्र दगड. आतून गिलावा किंवा अस्तर नसलेल्या धुराड्यात त्याचे सांधे उष्णतेने आणि ओलीने मोकळे होत जातात. ही भेग जुनी होती, कारण फळीच्या मागच्या बाजूला तपकिरी डाग पडलेला होता.

आजी शांतपणे म्हणाल्या, “हा वास मला दर पावसाळ्यात येतो. खाली लाकडं पेटवली की येतो. रात्री डोकं धरतं, मळमळतं. सकाळी अंगणात जाऊन बसलं की उतरतं.” घरच्यांनी त्याला वाताचा त्रास समजून सुंठेचा लेप लावला होता. डोके जड होणे, मळमळणे आणि मोकळ्या हवेत गेल्यावर बरे वाटणे, ही कार्बन मोनॉक्साइडची ओळखीची लक्षणे आहेत. त्या काळी मोजमाप कोणी घेतलेले नव्हते, त्यामुळे निदान करण्याचा अधिकार मला नाही. पण डॉक्टरांना दाखवताना ही भेग त्यांच्या कानावर घाला, असे मी सरांना तेथेच सांगितले.

ही गोष्ट घरच्यांना समजावून देणे त्या दिवसातले सर्वांत अवघड काम ठरले, कारण त्यांचा निष्कर्ष माझ्या नेमका उलट होता. सर म्हणाले, “म्हणजे गॅस बसवणंच बरं. त्याला धूर नाही, वास नाही.” लाकडाचा धूर वाईट असला तरी तो आपली वर्दी देतो, आजींना वास येत होता म्हणून तरी त्या खिडकी उघडत होत्या. गॅसला जो वास येतो तो गळतीची सूचना मिळावी म्हणून मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टनचा, आणि ते गॅसबरोबरच जळून जाते. जळल्यानंतर उरणाऱ्या वायूंना वास नसतो आणि कार्बन मोनॉक्साइडला तर रंग, वास, चव यांपैकी काहीच नसते. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटीने घट्ट चिकटतो. त्याच भेगेतून गॅसच्या आगीचे वायू वर आले असते, तर आजींना कळायला काही मार्गच उरला नसता. शिवाय पायलटमधली सुरक्षेची रचना जेथे बसवलेली असते त्याच खोलीतल्या हवेवर लक्ष ठेवते, म्हणजे खालच्या मजल्यावर सारे आलबेल म्हणून ती ज्योत चालू ठेवणार आणि वर आजी झोपलेल्या असणार.

मुलाला फोन लावला तेव्हा तो साहजिकच थोडा चिडला. त्याच्या तिकडच्या घरी अगदी असेच उपकरण चालते आहे, मग इथेच काय अडले, असे त्याचे म्हणणे होते. मी एवढेच विचारले की तुमच्याकडचे कोणी बसवले. ब्रिटनमध्ये हे काम नोंदणीकृत माणसानेच करायचे असा कायदा आहे. ती नोंदणी २००९ पासून ‘गॅस सेफ रजिस्टर’कडे असते, त्याआधी ‘कॉर्गी’कडे असे. तो आठवून म्हणाला की आलेल्या माणसाने आधी धुराडे साफ करून घेतले, धूर सोडून पाहिला, आणि शेवटी कुठे उपकरणाचे खोके उघडले. पुढचे संभाषण सोपे झाले. चवथीला आग पेटणार नाही हे सरांना मात्र मुलानेच कळवावे, अशी मी विनंती केली.

पुढचे काम पाऊस ओसरल्यावर झाले. धुराड्यात वरपासून खालपर्यंत १२५ मिलिमीटर व्यासाची स्टेनलेस स्टीलची लवचीक नळी सोडली, तोंडावर पाऊस आणि पाखरे अडवणारी टोपी बसवली, आणि कपाटामागचा सांधा चुन्याने भरून घेतला. फायरप्लेसच्या खाली राखेसाठी केलेला खड्डा बुजवला. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळती झालीच तर तो असा खड्डा शोधून तेथे साठतो. जिन्याखालची जागा याच कारणाने बाद केली आणि सिलिंडर घराबाहेर, जोत्याच्या पातळीवर, खालून वारा खेळेल अशा जाळीच्या कपाटात ठेवले. पाइपलाइनचा दाब पाण्याच्या मॅनोमीटरवर धरून पाहिला आणि सांधे साबणाच्या फेसाने तपासले. या भागावर अधिक लिहिण्यासारखे काही नाही. तो नेहमीचा आहे आणि नेहमीसारखाच करायचा असतो.

नवीन उपकरण एलपीजीचेच आले. पाटीवर ब्युटेनसाठी २८ ते ३० मिलिबार असा दाब दिलेला होता, म्हणजे आपल्या रेग्युलेटरला जुळणारा. ते पेटवून, दारे-खिडक्या बंद करून, मी फायरप्लेसच्या वरच्या कडेशी उदबत्ती धरली. धुराची रेघ आत ओढली गेली. सगळे समाधानाने उठू लागले तेव्हा मी स्वयंपाकघरातली विजेची चिमणी पूर्ण वेगाने लावायला सांगितली आणि मधले दार उघडे ठेवले. थोड्याच वेळात उदबत्तीची रेघ डगमगली, सरळ झाली आणि मग बाहेर, खोलीच्या दिशेने वळली. स्वयंपाकघरातला पंखा घरातली हवा बाहेर फेकत होता आणि ती भरून काढायला घराला दुसरी पुरेशी वाट नसल्यामुळे धुराड्यातूनच हवा खाली खेचली जात होती. मी गॅस लगेच बंद केला. माझ्या मते ही एक तपासणी टाळली तर बाकीच्या केल्याचा फारसा उपयोग नाही, कारण घर प्रत्यक्षात जसे वापरले जाते तसे ते फक्त याच तपासणीत दिसते. मासे तळताना चिमणी बंद ठेवा, असे गोव्यातल्या घरात कोण ऐकणार?

बाहेरच्या भिंतीत १०० चौरस सेंटिमीटर मोकळ्या क्षेत्राचा, बंद न करता येणारा झरोका फायरप्लेससाठी आधीच पाडलेला होता. स्वयंपाकघराच्या चिमणीला हवा मिळावी म्हणून तिकडच्या भिंतीत वेगळा, मोठा झरोका काढला. पुन्हा चिमणी लावली, छताचा पंखाही फिरवला, आणि या वेळी उदबत्तीची रेघ हलली नाही. आजींच्या खोलीत उशाच्या उंचीवर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवला आणि दुसरा दिवाणखान्यात. दुकानदाराने त्याबरोबर दिलेला गॅसगळतीचा अलार्म जमिनीलगत लागतो, कारण तो जड एलपीजीसाठी असतो. दोन्ही एकाच उंचीवर लावलेले मी अनेक घरांत पाहिले आहेत.

वर्षाने तपासणीला गेलो, तेव्हा दिवाणखान्यातल्या झरोक्यात गोणपाटाचा बोळा कोंबलेला होता. धुके आणि गार वारा थेट सरांच्या आरामखुर्चीवर येत होता, आणि त्यांची तक्रार रास्त होती. बोळा काढून मी तो झरोका बसण्याच्या जागेपासून दूर, फायरप्लेसच्या बाजूच्या भिंतीत हलवला, त्याला बेडूक अडवणारी पण बुजणार नाही अशी जाळी लावली, आणि उदबत्तीची तपासणी चिमणी बंद ठेवून एकदा आणि चालू ठेवून एकदा, अशी दोन्ही प्रकारे पुन्हा केली. आजींच्या कपाटातली फळी उघडून पाहिली. सांधा कोरडा होता.