तुम्ही विचारलंत म्हणून: चित्र की आवाज?

प्रदर्शनात कोणीतरी विचारतंच, "तुम्ही चित्रकार की संगीतकार? एकच काहीतरी धरलं असतं तर पुढे गेला असता." पुढे गेलोही असतो, त्यावर वाद नाही. आधीच्या प्रश्नाला मात्र मी अमेरिकन संगीतकार जॉन केजकडे बोट दाखवतो.

तरुणपणी केज दोन्ही करायचा. चित्रांपेक्षा संगीताला लोक बरं म्हणाले म्हणून त्यानं चित्रं सोडली आणि आयुष्य संगीताला वाहीन असा शब्द आपले गुरू, संगीतकार शोनबर्ग यांना दिला. पुढे १९७८ साली, पासष्टीत, कॅलिफोर्नियातल्या क्राउन पॉइंट प्रेस या कलाछपाईच्या कार्यशाळेनं त्याला मुद्राचित्रं (ठशावरून कागदावर छापलेली चित्रं) करायला बोलावलं. १९९२ साली वारला, तोवर तिथलं काम चालू होतं.

जपानमधल्या क्योटोच्या र्‍योआन-जी मंदिरातल्या वाळूच्या बागेत १५ दगड आहेत. १९८३ पासून केज कागदावर दगड ठेवून त्यांच्याभोवती पेन्सिल फिरवू लागला. दगड कुठे ठेवायचा, पेन्सिल किती कडक, हे तो स्वतः ठरवत नसे. 'ई चिंग' या चिनी ग्रंथावरून कौल लावी. एका मुद्राचित्रात तर पंधराचा घन, म्हणजे ३३७५ वेळा दगड गिरवलाय!

त्याच काळात दगडांच्या कडा त्यानं 'र्‍योआनजी' या संगीतरचनेसाठीही कागदावर उतरवल्या. रेघ चढली की स्वर चढतो, उतरली की उतरतो. बासरी, ओबो, ट्रोम्बोन, गळा, सगळे नुसते मींडेनं, म्हणजे स्वर न तोडता, सरकतात. पण दगडाला वरची कड असते तशी खालचीही. एक बासरी दोन्ही एकदम कशी वाजवणार? म्हणून काही रेघा आधी ध्वनिमुद्रित करायच्या आणि उरलेल्या त्यांच्यासोबत प्रत्यक्ष वाजवायच्या. तालवाद्याचे विस्कळीत ठोके म्हणजे वाळू.

हे आपल्या रागमाला चित्रांसारखंच, असं काहीजण म्हणतात. मला पटत नाही. रागमालेत राग आधीच असतो, चित्रकार त्याला नायक-नायिकेचं रूप देतो. इथे दगड आणि कौल आधी. चित्र आणि संगीत दोन्ही त्यांच्यातून निघालेली भावंडं.

माझंही तसंच चालतं, ऐपत अर्थात वेगळी. रेघ ओढताना कागदाखाली कॉन्टॅक्ट मायक्रोफोन, म्हणजे वस्तूची थरथर थेट टिपणारा माइक, लावलेला असतो. खरखर चांगली येत नसेल तर हात बदलतो, आणि मग रेघही बदलते. आता यात चित्र कुठलं आणि आवाज कुठला, ते तुम्हीच सांगा.

केजचं 'र्‍योआनजी' ऐकणार असाल तर आधी बासरीचं ऐका. गळ्याचं घरच्यांसमोर लावू नका. पंखा बिघडलाय म्हणून कोणीतरी उठून बंद करेल.