डच डॉक्टर आणि पॅरासिटामॉल

नेदरलँड्समधली मराठी मंडळी जमली की हिवाळ्यात गप्पांची गाडी हाउसआर्ट्सवर, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरवर येतेच. तक्रार एकच: ताप असो, घसा असो, "पॅरासिटामॉल घ्या, आराम करा." पुण्याहून नुकताच आलेला माणूस वैतागतो आणि आईने बॅगेत कोंबलेली अ‍ॅझिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकची स्ट्रिप शोधायला लागतो.

मला मात्र या डॉक्टरांचं हळूहळू पटत गेलं. खोकला लांबला आणि न्यूमोनियाची शंका आली, तर ते बोटाला टोचून रक्ताच्या थेंबावर तिथल्या तिथे सीआरपी, म्हणजे शरीरात दाह किती आहे ते सांगणारं प्रथिन, मोजतात. आकडा 20 च्या खाली असला तर सहसा अँटिबायोटिक नाही, 100 च्या वर गेला तर द्यायचं. मधल्या आकड्यांना वय, धाप, जुने आजार बघून ठरवतात. सर्दी-फ्लू विषाणूंमुळे होतात, त्यांच्यावर अँटिबायोटिक चालत नाही, हे आपल्यालाही ठाऊक असतं. पण डॉक्टरकडून रिकाम्या हाताने परतणं आपल्याला पचत नाही!

गरज असली की देतात, पण बेताचं. बायकांना होणाऱ्या लघवीच्या साध्या जंतुसंसर्गावर आधी नायट्रोफ्युरँटॉइन, तेही पाचच दिवस. ते मुख्यतः लघवीतच साठतं, त्यामुळे बाकी शरीरातल्या जंतूंना त्याची फारशी झळ लागत नाही. सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी अँटिबायोटिक्स अवघड दुखण्यांसाठी राखून ठेवतात.

हॉस्पिटलात दाखल होताना विचारतात: गेल्या दोन महिन्यांत परदेशी हॉस्पिटलात राहिला होतात का? जिवंत डुकरांशी संबंध येतो का? 'हो' म्हटलं की एमआरएसए या, बऱ्याच अँटिबायोटिक्सना दाद न देणाऱ्या चिवट जंतूसाठी नाका-घशातून नमुने घेतात आणि रिपोर्ट येईपर्यंत वेगळी खोली. भारतात ऑपरेशन करून आलेल्या माझ्या मैत्रिणीला हे फार लागलं. पण इथल्या वराहपालकालाही हाच नियम आहे, आणि एमआरएसए या देशात दुर्मीळ राहिलाय तो अशाच कडकपणामुळे. गोठ्यातही तेच: जनावरांच्या अँटिबायोटिकची विक्री 2009 पासून 70 टक्क्यांहून जास्त उतरली आहे.

आपल्याकडेही 2014 पासून शेड्यूल एच-1, म्हणजे ठरावीक अँटिबायोटिक्स चिठ्ठीशिवाय न विकण्याचा नियम, लागू आहे, पाकिटांवर लाल रेघ असते. केमिस्ट ओळखीचा असला की ती रेघ कुणाला दिसते?

इकडे येणार असाल तर एक सांगते. डच डॉक्टरला "खूप बरं नाही" असं मोघम सांगून भागत नाही. ताप किती, किती दिवस, धाप लागते का, पाणी पोटात ठरतं का, हे नेमकं सांगा. रात्री-सुट्टीला हाउसआर्ट्सनपोस्टला, म्हणजे अवेळी चालणाऱ्या फॅमिली डॉक्टरांच्या केंद्राला फोन करा, तिथेही आधी हेच विचारतात.