इंग्रजी आणि कॅन्टोनीज: आधी उच्चार, मग अक्षर

दर्यापूरकडच्या आमच्या गावात मी मुलांना इंग्रजी शिकवतो, आणि नोकरीसाठी हाँगकाँगला निघालेल्या एका तरुणाला सध्या तिथल्या कॅन्टोनीज या चिनी भाषेच्या ध्वनींची तोंडओळख करून देत आहे. नव्या भाषेचे उच्चार रोमन अक्षरांवरून शिकवू नयेत, मराठी जिभेला आधीच वळण असलेल्या ध्वनींपासून सुरुवात करावी, असे माझे ठाम मत आहे.

मराठीत प आणि फ, क आणि ख यांतील श्वासाच्या झोताने शब्द बदलतो. इंग्रजीत ‘पिन’मधला प झोतासह आणि ‘स्पिन’मधला झोताविना उच्चारला जातो, तरी इंग्रजी भाषकाला तो एकच ध्वनी वाटतो. वर्गात मी सरकी काढलेल्या कापसाचा विरळ पुंजका ओठांसमोर धरायला लावतो. मराठी वळणाने ‘पिन’ म्हटल्यास तो जवळजवळ हलत नाही, आणि असा उच्चार इंग्रजी कानाला ‘बिन’ ऐकू येण्याचा संभव असतो.

कॅन्टोनीजमध्ये मात्र हा झोत मराठीप्रमाणेच अर्थ बदलतो. उलट ब, द, ग हे घोष, म्हणजे घशात कंप होऊन निघणारे, ध्वनी तेथे स्वतंत्र नाहीत. हाँगकाँगमध्ये 1993 साली तयार झालेल्या ज्युतपिंग या रोमन लेखनपद्धतीत ‘बी’ हे अक्षर आपल्या प साठी, तर ‘पी’ हे ओठ मिटून म्हटलेल्या फ साठी येते. ‘झेड’चा उच्चार ‘चाक’ या शब्दातल्या च च्या जवळचा आहे. हे ध्वनी मराठी माणसाला नव्याने शिकावे लागत नाहीत. अक्षरे तेवढी त्याची दिशाभूल करतात.

हाँगकाँगमध्ये अनेकजण शब्दारंभीच्या न च्या जागी ल उच्चारतात आणि काही जाणकार त्याला आळशी उच्चार म्हणतात. वऱ्हाडीत ‘डोळा’चा ‘डोया’ होतो, त्यालाही अशीच नावे ठेवली जातात. दोन्ही ठिकाणी बदल नियमाने होतो, म्हणून शिकणाऱ्याला दोन्ही रूपे ऐकवावीत.

खरी मेहनत सुरांची आहे. ‘सी’ हा एकच उच्चार उंच सपाट सुरात कविता, उंच चढत्या सुरात इतिहास, मधल्या सपाट सुरात प्रयत्न, खाली उतरत्या सुरात वेळ, खालून किंचित चढत्या सुरात बाजार आणि खालच्या सपाट सुरात बाब असा अर्थ देतो. आपण ‘हो?’ आणि ‘हो.’ यांत सूर बदलतो, पण त्याने शब्द बदलत नाही. म्हणून पहिले काही दिवस लिहिणे बंद ठेवून केवळ ऐकणे आणि गुणगुणणे करून घ्यावे.

त्यानंतर शब्दान्तीचे प, त, क घ्यावेत. दहा या अर्थाचा ‘सप्’ म्हणताना ओठ मिटतात आणि मिटलेलेच राहतात. आपल्या ‘साप’सारखा शेवटी श्वास सुटत नाही.