पी-वी गावाला गेलाय

३१ मे २०२५, शनिवार

काल रात्री पॉल रूबेन्सवरच्या माहितीपटाचा पहिला भाग पाहिला. पॉल म्हणजे मुलांचा लाडका ‘पी-वी हर्मन’ रंगवणारा अमेरिकन नट. मॅट वूल्फने केलेला, एचबीओवर गेल्याच आठवड्यात आला. अकराला टीव्ही बंद केला, पण तीन वाजेपर्यंत डोळ्याला डोळा लागला नाही.

१९८५च्या ऑक्टोबरात आम्ही अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला आलो तेव्हा लेक तीन वर्षांचा होता. ह्यांना शनिवारीसुद्धा ओव्हरटाइम असायचा. मला गाडी चालवता येत नव्हती. इंग्रजी वाचता यायचं, पण दुकानातली बाई भरभर बोलायला लागली की मी नुसती मान डोलवायची. पुढच्या वर्षी सप्टेंबरात सीबीएस या वाहिनीवर ‘पी-वीज प्लेहाउस’ हा मुलांचा कार्यक्रम सुरू झाला आणि आमच्या शनिवार सकाळला घरपण आलं. पोह्यांची ताटली घेऊन आम्ही दोघं गालिच्यावर बसायचो. पी-वीचा तो करड्या रंगाचा आखूड, अंगाला घट्ट बसणारा सूट, लाल बो, पांढरे बूट, गालावर लाली आणि ते खिंकाळल्यासारखं हसू. घरातली खुर्ची बोलायची, पृथ्वीचा गोल बोलायचा. पत्र वाटणारी बाई कृष्णवर्णीय, खेळायला येणारी मुलं सगळ्या रंगांची. सकाळी टीव्हीवर आपल्यासारख्या सावळ्या मुलाला कुणी तरी ‘ये’ म्हणतंय, हे मला तेव्हा केवढं वाटलं होतं ते आज कुणाला सांगून कळायचं नाही.

त्यात दर भागात एक गुपित शब्द असायचा. तो शब्द कुणाच्याही तोंडून निघाला की सगळ्यांनी जिवाच्या आकांताने ओरडायचं. आमच्या घरी तो खेळ आठवडाभर चालायचा. एकदा लेकाने ‘पोळी’ हा शब्द ठरवला, आणि ह्यांनी जेवताना “अजून एक पोळी वाढ” म्हटल्याबरोबर पोराने अशी किंकाळी फोडली की ह्यांच्या हातून वाटी सुटली.

त्या माणसाचं खरं नाव काय असेल, हा प्रश्नसुद्धा मला कधी पडला नव्हता. आणि पडू नये हीच त्याची इच्छा होती, हे काल कळलं. पॉलचं लहानपण गेलं फ्लोरिडातल्या सॅरासोटामध्ये. रिंगलिंग सर्कस हिवाळ्यात तिथेच मुक्कामाला असे. आईवडिलांचं दिव्यांचं दुकान. वडील मिल्टन रूबेनफेल्ड लढाऊ वैमानिक, १९४८ साली इस्राएलचं हवाई दल उभं करणाऱ्या पहिल्या मोजक्या लोकांपैकी. पॉल पुढे कॅलिफोर्नियात कला शिकला आणि लॉस एंजेलिसच्या ‘ग्राउंडलिंग्ज’ या नाटकमंडळीत दाखल झाला. तिथेच सत्तरच्या दशकाच्या शेवटी पी-वी जन्माला आला. नाव एका छोट्या माउथ ऑर्गनच्या ब्रँडवरून घेतलेलं आणि सूट मंडळीच्या दिग्दर्शकाकडून मागून आणलेला. १९८०मध्ये ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या विनोदी टीव्ही कार्यक्रमासाठी निवड झाली नाही, तेव्हा आईवडिलांकडून पैसे घेऊन त्याने स्वतःचा प्रयोग उभा केला. पोटच्या पोराच्या असल्या खुळाला पैसे देणाऱ्या त्या दुकानदार मायबापांचं मला फार कौतुक वाटलं.

पुढे पी-वी मोठा होत गेला आणि पॉल दिसेनासा झाला. मुलाखती पी-वी म्हणूनच द्यायच्या, तोच सूट घालून, त्याच आवाजात. १९८५च्या सिनेमात श्रेयनामावलीत पी-वी हर्मनच्या भूमिकेत ‘स्वतः’ असं लिहिलेलं. हॉलिवूडच्या फुटपाथवर नामवंतांच्या नावाचे तारे बसवतात, तसा याचा तारा १९८८मध्ये बसवला, त्यावरही नाव पी-वीचंच.

झोप उडाली ती मात्र वेगळ्याच गोष्टीने. पॉल समलिंगी होता. तरुणपणी एका चित्रकाराबरोबर त्याने संसार मांडला होता, लपूनछपून नाही, उघडपणे. ते नातं तुटलं. मग त्याने ठरवलं की आता फक्त काम, आणि ही गोष्ट कुणाला कळू द्यायची नाही. त्या काळात मुलांच्या कार्यक्रमातल्या माणसाबद्दल हे कळलं असतं तर तो एका दिवसात संपला असता. तो चित्रकार पुढे एड्सने गेला. पण पी-वीच्या बोलण्यातल्या कितीतरी लकबी त्याच्याच होत्या म्हणे, खाण्याची एखादी वस्तू आवडली की जीभ घोळवत बोलायचं, तसल्या. म्हणजे दर शनिवारी माझ्या गालिच्यावर बसून माझा लेक ज्या आवाजाची नक्कल करायचा, त्यात पॉलचा जुना जोडीदार बोलत होता. ज्याचं नाव कुठे घ्यायचं नाही त्याचा आवाज या माणसाने देशभरातल्या मुलांच्या तोंडी दिला. रात्री छताकडे बघत मी हेच घोळवत पडले होते.

१ जून, रविवार

दुसरा भाग पाहिला. हातात विणकाम होतं, एक टाकाही पडला नाही.

१९९१चा जुलै. प्लेहाउसचे नवे भाग आदल्या वर्षीच थांबले होते, जुनेच परत दाखवत होते. पॉल आईवडिलांना भेटायला सॅरासोटाला गेलेला. प्रौढांचे सिनेमे दाखवणाऱ्या थिएटरात त्याला अश्लील वर्तनाच्या आरोपाखाली अटक झाली. पोलिसांनी काढलेला फोटो दुसऱ्या दिवसापासून सगळीकडे. केस वाढलेले, हनुवटीवर दाढी, नजर थिजलेली. सीबीएसने कार्यक्रम बंद केला, दुकानांनी बाहुल्या मांडणीवरून उतरवल्या. ते प्रकरण दंड आणि समाजसेवेवर मिटलं. पण मला आज पहिल्यांदा उमगलं ते हे: इतकी वर्षं त्याने पॉलचा चेहरा कुणाला दिसू दिला नाही, आणि शेवटी देशाने तो पाहिला तो पोलिसांच्या फोटोत. आमच्यासारख्या लाखो घरांची आणि पॉलची ओळख त्या फोटोतून झाली. दुसरा फोटो आमच्याजवळ होताच कुठे, जो शेजारी ठेवून बघावा?

तेव्हा मी काय केलं ते लिहायचं आहे, म्हणून तर वही उघडली.

ओळखीतल्या एका बाईंचा फोन आला. “अहो, टीव्ही बघितलात का? मुलांना लांब ठेवा हं त्या माणसापासून.” त्याने मुलांना काही केलं होतं का? नाही. तसा आरोपही नव्हता. मी विचारलंसुद्धा नाही. लेकाची दोरी ओढली की बोलणारी पी-वीची बाहुली होती, त्याने दुसरीत असताना वाढदिवसाला हट्ट करून घेतलेली. तो पोहायला गेल्यावर मी ती काळ्या पिशवीत घातली आणि इमारतीमागच्या कचऱ्याच्या मोठ्या पेटीत टाकून आले. पिशवी आत पडताना तिची दोरी कुठेतरी अडकली असावी. आतून एकदा ते हसू आलं. मी चटचट पायऱ्या चढून घरात आले आणि उगाचच ओटा पुसत राहिले.

संध्याकाळी त्याने विचारलं, “पी-वी कुठाय?”

मी म्हटलं, “गावाला गेलाय.”

नऊ वर्षांचं पोर. त्याने बाहुली शोधली नाही आणि परत विचारलंही नाही. न विचारणं मला त्या वेळी सोयीचं वाटलं.

त्याच सप्टेंबरात पॉल एमटीव्ही या संगीतवाहिनीच्या पुरस्कार सोहळ्यात पी-वीच्या वेषात एकटाच मंचावर आला आणि त्याने समोरच्यांना विचारलं, एवढ्यात काही चांगले विनोद ऐकलेत का? लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. हे मी काल-आज पाहिलं. तेव्हा आमच्या घरात त्याचं नाव निघत नव्हतं.

पुढे आणखी एकदा त्याच्यामागे शुक्लकाष्ठ लागलं. त्याला जुन्या वस्तूंचा नाद, घर खेळणी, दिवे, छायाचित्रं यांनी ओसंडून वाहणारं. त्या संग्रहातल्या जुन्या चित्रांवरून २००२ साली खटला भरला गेला, आणि तोही मुलांच्या संदर्भातला, सगळ्यात भयंकर असा. २००४मध्ये तो आरोप मागे घेतला गेला, पॉलने अश्लीलतेचा किरकोळ गुन्हा मान्य केला. पण आरोप मागे घेतल्याची बातमी आरोपाच्या बातमीएवढी कधी फिरते का? मी स्वतः पहिली ऐकली होती, दुसरी आज कळली.

४ जून, बुधवार

तीन दिवस धीर गोळा करून आज लेकाला फोन केला. बाहुलीचं सगळं सांगितलं, कचऱ्याच्या पेटीपर्यंत.

तो म्हणाला, “आई, मला माहीत होतं. शाळा सुरू झाल्यावर सगळी मुलं तेच बोलत होती.”

“मग कधी बोलला नाहीस?”

“तू गावाला गेलाय म्हणालीस ना. मला ते बरं वाटलं. म्हटलं, येईल.”

मग त्यानेच आठवण काढली. २०१६च्या मार्चमध्ये नेटफ्लिक्सवर पी-वीचा नवा सिनेमा आला, तेव्हा त्याने मला मेसेज पाठवला होता: ‘आई, पी-वी गावाहून आला.’ मला तो आठवतोय. मला वाटलं होतं, ऑफिसच्या गडबडीत कुणा दुसऱ्याचा मेसेज मला आला. मी नुसता अंगठा पाठवला होता.

शेवटचं लिहून ठेवते. पॉल ३० जुलै २०२३ला गेला, सत्तर वर्षांचा होऊन. सहा वर्षं कॅन्सर होता, आणि तो बाहेर कुणाला कळू दिला नाही. चाळीसहून जास्त तास ज्या दिग्दर्शकासमोर बसून बोलला, भांडला, मध्ये बरेच महिने रुसूनही बसला, त्या वूल्फलासुद्धा नाही. गेल्यानंतर त्याचं निवेदन आलं, त्यात त्याने आजार लपवल्याबद्दल लोकांची माफी मागितली होती. माफी त्याने मागावी! मित्रमंडळींपैकी कुणाचा वाढदिवस तो विसरत नसे, दिवसभर एकामागून एक शुभेच्छा पाठवत राहायचा, असं त्याला ओळखणारे सांगतात. मरणाच्या आदल्या दिवशी त्याने स्वतःच आपला आवाज ध्वनिमुद्रित करून ठेवला. माहितीपटात तो ऐकवला आहे. आवाज पी-वीचा नाही, दमलेल्या, खोल गेलेल्या पॉलचा आहे. मी खरा कोण ते लोकांना दिसावं, आणि जो मी नव्हतो ते लेबल माथी घेऊन जगणं किती वेदनेचं होतं ते कळावं, म्हणून हा खटाटोप, असं काहीसं तो बोलतो. सगळं आयुष्य झाकून ठेवलेला माणूस शेवटच्या दिवशी नुसता आवाज मागे ठेवतो.

शनिवारी लेक नातवाला घेऊन येतोय. पी-वी फ्रूट सॅलडशी लग्न लावतो तो जुना भाग दोघं मिळून दाखवणार आहोत. नातू चौकस आहे, हा माणूस आता कुठे असतो हे नक्की विचारेल. त्याचं नाव पॉल होतं, इथपासून मी सांगायला सुरुवात करीन. पोहे भिजवायची आठवण ठेवायला हवी, आणि सुनेला विचारायचंय, पोराला कांदा चालतो का.