रेघेखालचं पाणी

वडूज सोडून तीन तास झाले होते आणि पुढे गेलेली कावड केव्हाच दिसेनाशी झाली होती. हलगीही ऐकू येत नव्हती. दशमीचा दिवस, दुपारचा एक, पायाखाली तापलेलं डांबर. मोबाईल सामानाच्या गाडीत ठेवलेल्या पिशवीत आणि पिशवी कावडीबरोबर पुढे.

आमच्या गावची कावड तशी लहानच. शिखर शिंगणापूरच्या चैत्र यात्रेत मुंगी घाट चढणारी तेल्या भुत्याची कावड बघायला ही गर्दी लोटते. आमच्यात चौदा माणसं, एक हलगी आणि सामानाला एक छोटा हत्ती. कराडला प्रीतिसंगमावर तांब्याच्या दोन कळशा कृष्णेच्या पाण्यानं भरायच्या, तोंडं फडक्यानं बांधायची आणि चालत नेऊन द्वादशीला शंभू महादेवाला घालायच्या. वाटेत कावड जमिनीला टेकवायची नाही, विसाव्याला लाकडी घोडीवर ठेवायची. ते पाणी माणसानं प्यायचं नाही, हे तर सांगायलाच नको. एकवीस वर्षं वडील जात होते. यंदा त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि पाळी माझ्यावर आली. "जायचं तर अनवाणी जा, नाहीतर जाऊच नको," एवढंच म्हणाले. मी पुण्यात एसीत बसून लोकांचे जीएसटीचे रिटर्न भरणारा माणूस. माझे तळवे काय लायकीचे आहेत ते पहिल्याच दिवशी पुसेसावळीच्या अलीकडे कळलं.

तर दशमीच्या त्या दुपारी घाम यायचा बंद झाला. कानात मधमाश्या घोंगावल्यासारखं व्हायला लागलं. उजवीकडे माळावर पत्र्याचं एक घर दिसलं, दारात शेवग्याचं झाड. तिथपर्यंत मी चालत गेलो की धडपडत, आठवत नाही.

"आरं गाढवा, हे काय चालायचं ऊन हाय व्हय?"

पहिलं वाक्य हे. बोलणारी सत्तरीची आजी, नऊवारीचा काष्टा, हातात शेळीसाठी आणलेला पाला. तिनं दंडाला धरून मला सावलीत बसवलं. मी पाणी मागितलं तर आधी गुळाचा खडा पुढे केला. "चाव. उन्हातनं आल्या आल्या पानी ढोसू नी." गूळ विरघळेपर्यंत तिनं कांदा फोडून नाकाशी धरला. मग तांब्या दिला. मग घराच्या कडेला नेऊन हंडाभर पाणी डोक्यावर ओतलं, अंग पुसेपर्यंत दुसरा हंडा. सगळ्यात शेवटी घमेल्यात पाणी घेऊन माझे पाय त्यात ठेवायला लावले. फोड आलेले तळवे पाण्यात गेले तेव्हा माझ्या तोंडून जो आवाज निघाला त्याला ती मनापासून हसली.

घमेल्यात पाय घालून बसल्यावर मला आजूबाजूचं दिसायला लागलं. समोर दोनशे लिटरचा निळा बॅरल होता, वर झाकण, झाकणावर दगड. प्लास्टिक जुनं, उन्हानं फिकटलेलं, त्यामुळे आतलं पाणी कुठवर आहे ते बाहेरून सावलीसारखं दिसत होतं. बॅरलच्या अंगावर विटकरीनं ओढलेल्या तीन आडव्या तांबड्या रेघा. मी सहज विचारलं, या कशाच्या?

"दिसाच्या. टँकर चार दिसानं येतुय. रोज एक रेघ उतरायची, तिच्याखाली जायचं न्हाय."

टँकर आदल्या दिवशी येऊन गेला होता. म्हणजे पाणी पहिल्या रेघेच्या आसपास हवं होतं. ते दुसरीला टेकलं होतं. माझ्या केसांतून अजून थेंब गळत होते.

मी उगाच पाय वर घेतले. "ऱ्हाऊ दे," ती म्हणाली, "आता काय ते परत भरतुय व्हय त्यात?" नंतर घमेल्यातलं पाणी तिनं शेवग्याला घातलं, कडेनं फिरवत, एकाच जागी नाही.

आमचा सातारा जिल्हा तसा अजबच. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो आणि त्याच जिल्ह्यात माणला पाचशेचीही खात्री नसते. शाळेत हे भूगोलात पाठ केलं होतं. बॅरलवरच्या रेघा पुस्तकात नव्हत्या.

आजी एकटीच राहायची. मुलगा गलाईच्या धंद्यात, तिकडे तमिळनाडूत. माण-खटावची कितीतरी पोरं सोनं-चांदी गाळायला अशी देशभर पांगली आहेत. कावड कुठल्या पाण्याची, असं तिनं विचारलं. कृष्णेच्या, म्हटल्यावर हातातला पाला तसाच राहिला.

"माझं म्हायार रेठऱ्याचं. घरामागं नदी." मग जरा थांबून, "आता कृष्णा आंधळीपातूर आणलीया म्हणत्यात. मी पन्नास वर्सामागं आले, ती आता मागनं यायलीया. आमच्या माळावर अजून न्हाय."

जिहे-कठापूर योजनेबद्दल बोलत होती. कृष्णेचं पाणी उचलून नेर तलावात आणि पुढे आंधळीच्या धरणात आणलंय त्याबद्दल. योजनेवर मी वर्तमानपत्रांत खूप वाचलं आहे, पण नदीला मागून सासरी येणारी बहीण समजणारं कुणी भेटलं नव्हतं.

तेवढ्यात आमच्या कावडीतले तात्या मोटारसायकलवरून शोधत आले. मी शंभराची नोट काढली. तिनं नोटेकडे बघितलंसुद्धा नाही, तात्यांना म्हणाली, "ह्याला ऊन उतरल्याबिगर चालवू नगा." संध्याकाळी दहिवडीत मी सगळा प्रकार सांगितला, गाढव म्हटल्याचंही. तात्या म्हणाले, "मग बरोबरच आहे की. नाथमहाराजांनी कावडीतलं पाणी पाजलं ते कुणाला?" पुढचा पाऊण तास माझी यथेच्छ चेष्टा झाली.

द्वादशीचं काय सांगू, गुलालात काही दिसतच नव्हतं. गाभाऱ्यातल्या दोन लिंगांवर आमच्या कळशा रिकाम्या व्हायला अर्धं मिनिटही लागलं नसेल. खाली मालोजीराजांनी बांधलेला तलाव आहे. चारशे वर्षांपूर्वी त्या माणसानं या डोंगरावर येणाऱ्यांसाठी सोय केली तीही पाण्याचीच. दरवर्षी तो नुसता बघून लोक पुढे जातात, मी यंदा काठावर बराच वेळ बसलो.

कळशीच्या तळाचं उरलेलं पाणी तीर्थ म्हणून वाटतात. त्यातलं अर्धी बाटली मी मागून घेतलं. त्रयोदशीला एसटीनं परतताना कंडक्टरला विनवून त्या माळाजवळ उतरलो.

आजी शेळीला बांधत होती. बॅरलमधलं पाणी शेवटच्या रेघेच्या पार खाली, तळाशी. टँकर संध्याकाळपर्यंत येणार होता, म्हणजे येईल असं ती म्हणाली. बाटली हातात दिली आणि कुठलं पाणी ते सांगितलं. तिनं पदर डोक्यावरून घेतला, तळहातावर थोडं ओतून प्यायली, ओला हात डोळ्यांना लावला. मला वाटलं, उरलेलं देव्हाऱ्यात ठेवेल.

तिनं दगड बाजूला केला, झाकण उघडलं आणि बाटली बॅरलमध्ये उपडी केली. शेवटचा थेंब पडेपर्यंत बाटलीच्या बुडावर चापट्या मारल्या. मग वाकून बाहेरून पाण्याची पातळी बघितली.

"चढलं की रं," म्हणाली, आणि बाटली मला परत दिली.