खानापूर तालुक्यातून वेगवान रेडिओ स्फोटांचा शोध : माझा अनुभव

मोठ्या दुर्बिणींच्या काही नोंदी आता सर्वांसाठी खुल्या असल्यामुळे खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावात बसूनही वेगवान रेडिओ स्फोट, म्हणजे दूरच्या अवकाशातून येणारे क्षणभराचे तीव्र रेडिओ संकेत, शोधण्याचे तंत्र मला शिकता आले. सुरुवात मी ऑस्ट्रेलियातील पार्क्स रेडिओ दुर्बिणीच्या 2001 सालच्या नोंदीपासून केली. काही मिलिसेकंदांचा एक स्फोट त्या नोंदीत कित्येक वर्षे पडून होता आणि 2007 मध्ये खगोलशास्त्रज्ञ डंकन लॉरिमर व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो जगासमोर आणला.

या कामात सगळे काही डिस्पर्शनवर, म्हणजे वारंवारतेनुसार लहरींना होणाऱ्या विलंबावर, अवलंबून आहे. अवकाशातील मोकळ्या इलेक्ट्रॉनांमुळे कमी वारंवारतेच्या लहरी मागे पडतात आणि हा विलंब वारंवारतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वाढतो. वाटेत असे किती इलेक्ट्रॉन आले हे सांगणाऱ्या आकड्याला डिस्पर्शन माप म्हणतात; लॉरिमर यांच्या त्या स्फोटाचे हे माप नेहमीच्या एककात सुमारे 375 आहे. त्यावरून पार्क्सच्या पट्ट्यात सुमारे 0.35 सेकंद विलंब येतो, तर कॅनडातील चाइम दुर्बिणीच्या 400 ते 800 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात तो 7 सेकंदांवर गेला असता. हे गणित मी आधी वहीत सोडवले आणि मगच प्रोग्रॅमला हात घातला.

हे माप आधी ठाऊक नसते, म्हणून शेकडो संभाव्य मापे घेऊन प्रत्येक वेळी सर्व चॅनेल, म्हणजे वारंवारतेचे छोटे पट्टे, विलंबाइतके सरकवून त्यांची बेरीज करावी लागते. माझ्या जुन्या लॅपटॉपवर हे रात्रभर चाले आणि पावसाळ्यात आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नसल्याने मी फाईलचे तुकडे करून एकेक तपासत असे. चाइमसारख्या दुर्बिणीवर मात्र सगळी कच्ची माहिती साठवणे शक्यच नसते. कोणता तुकडा ठेवायचा हे संगणकाला तिथल्या तिथे ठरवावे लागते.

आलेखावर वरच्या वारंवारतेकडून खाली वळत जाणारी ती रेघ उमटली तेव्हा मला फार आनंद झाला. तरीही माझ्या मते खरी कसोटी त्यानंतरच लागते. पार्क्सवर एका वेळी 13 बीम, म्हणजे आकाशातल्या वेगवेगळ्या ठिकाणांकडे रोखलेल्या नजरा, आकाश पाहत असत; दूरचा स्फोट त्यांतल्या मोजक्याच बीममध्ये दिसतो, जवळचा गोंगाट मात्र बहुधा सगळ्यांत एकदम शिरतो. तिथेच दिसणारे ‘पेरिटॉन’ नावाचे फसवे संकेत चालू मायक्रोवेव्ह ओव्हनचे दार उघडल्यामुळे येतात, हे 2015 मध्ये सिद्ध झाले. म्हणून मी प्रत्येक उमेदवार संकेत सर्व बीममध्ये तपासतो आणि डिस्पर्शन शून्य धरल्यावर जो अधिक ठळक होतो, तो बाजूला काढतो.